शेवाळ न धरणारे छप्पर आले, शाकारणीवाल्याने काय करावे?

कोकणात वैशाख अर्धा सरला की शाकारणीवाल्याला जेवायला फुरसत मिळत नसे. मृगापूर्वी गावातली घरे उरकायची, आणि मृग काही कुणासाठी थांबत नाही. गावात चार-दोन माणसेच हे काम जाणणारी. घरमालक त्यांच्या दारी खेटे घालायचा. आता तोच घरमालक तालुक्याच्या बाजारात जाऊन रंगीत पत्र्याचे दर विचारतो. दुकानदार त्याला सांगतो की हा एकदा घाला. शेवाळ नाही, गळती नाही, माकडांची भीती नाही, दरसालची शाकारणी तर नाहीच. ज्याला घरावर पत्रा बघवत नाही त्याच्यासाठी चकाकी दिलेली कौले आहेत. त्यांचीही जाहिरात हीच, की यांच्यावर शेवाळ धरत नाही.

ज्यांचे पोट छपरावर आहे त्या आमच्या कारागीर बांधवांचा प्रश्न सरळ आहे : आमचा धंदा संपला काय?

आमचे मत आम्ही आधीच सांगून टाकतो. छपराची निगा राखण्याचे काम संपलेले नाही आणि संपणारही नाही. दरसालची शाकारणी मात्र खरोखर घटते आहे, आणि ती पूर्वीच्या प्रमाणात परत येईल अशी आशा कुणी धरू नये. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. त्यांची गल्लत केली की एक तर माणूस उगाच हाय खातो, नाही तर उगाच निश्चिंत बसतो.

थोडे मागे जाऊन बघू. शाकारणे हा शब्द कौलांच्याही आधीचा. गवताने, पेंढ्याने, झावळ्यांनी घर झाकणे म्हणजे शाकारणे. गवत कुजायचे, म्हणून पुन्हा नवे घालायचे. मग कुंभाराचे नळे आले. नळे म्हणजे अर्धगोल कौले, एक उताणे एक पालथे, नुसती एकमेकांवर ठेवलेली. वाऱ्याने, मांजरांनी, वानरांनी ती सरकत, म्हणून दर उन्हाळ्यात चाळावी लागत. १८६५ साली बासेल मिशनने मंगळूरला साच्यात दाबून कौले काढण्याचा कारखाना घातला. त्या चपट्या कौलाला खाचा होत्या. एक कौल दुसऱ्यात अडकून बसे आणि रिपेला धरून राही. ते नळ्यांपेक्षा कमी सरकायचे, कमी गळायचे आणि छपरावर वजनही कमी पडायचे. म्हणजे ज्या मंगळुरी कौलाला आपण आज जुने म्हणतो, ते एके काळी दरसालचा ताप वाचवणारे नवे छप्पर होते. कुंभाराच्या नळ्यांचा धंदा त्याने बसवला हे खरे. पण छपरावर चढणारा माणूस टिकला. नळे चाळणाऱ्याची पोरे मंगळुरी कौले बसवायला शिकली.

त्यानंतर आला स्लॅब. १९७० नंतर आखातातला पैसा रत्नागिरी-रायगडच्या खाडीकाठच्या गावांत येऊ लागला, आणि त्या पैशाची पहिली हौस म्हणजे स्लॅबचा बंगला. तेव्हाही हेच म्हटले गेले होते, की आता शाकारणीची कटकट मिटली. पुढे काय झाले ते सर्वांनी पाहिले आहे. कोकणात पाऊस पडतो तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, आणि तो सगळा चार महिन्यांत. सपाट स्लॅबवर पाणी साचते. उन्हात सिमेंट तापते, पावसात एकदम थंड होते, बारीक तडे जातात. तड्यातून पाणी सळईपर्यंत जाते, सळई गंजते, गंज फुगतो आणि छताचे पोपडे खाली पडतात. बंगले गळू लागले, आणि वॉटरप्रूफिंग नावाचा एक नवाच धंदा गावोगाव उभा राहिला. कुणी विटांच्या तुकड्यांचा कोबा केला, कुणी डांबर ओतले, कुणी रसायने फासली. तरीही ज्यांचे भागेना त्यांनी अखेर स्लॅबवर लोखंडी पाइप उभे करून पत्र्याची शेड घातली. आज दापोली-मंडणगडपासून म्हसळा-श्रीवर्धनपर्यंत कुठल्याही गावात फिरा, दुमजली बंगल्याच्या डोक्यावर निळा नाही तर लाल पत्रा दिसेल. छपराला छप्पर!

या सगळ्यात एक गोष्ट मात्र शाकारणीवाल्याच्या विरुद्ध गेली, आणि तिच्याकडे कुणी नीट पाहिले नाही असे आम्हांस वाटते. वॉटरप्रूफिंगचे काम शाकारणीवाल्याला मिळाले नाही. ते गवंड्याने घेतले, शहरातल्या ठेकेदाराने घेतले. शेडचे काम वेल्डरने घेतले. छपरावरचे काम कमी झाले नाही, उलट वाढले. पण ते दुसऱ्याच्या घरी गेले. भीती बाळगायचीच तर ती याची बाळगावी, शेवाळ न धरणाऱ्या मालाची नव्हे.

नेमक्या अशाच मालाचा प्रश्न अमेरिकेत छपरे धुणाऱ्यांपुढे बरीच वर्षे आहे, आणि तिथे त्याचे उत्तर पुष्कळसे मिळालेही आहे. म्हणून ती हकिगत जरा विस्ताराने सांगतो.

तिथल्या बहुतेक घरांवर आपल्यासारखी कौले नसतात, डांबराच्या शिंगल असतात. काचतंतूंच्या पातळ चादरीवर डांबराचा थर, डांबरात चुनखडीची भुकटी कालवलेली, आणि वरून रंगीत दगडी दाणे दाबलेले. फ्लोरिडा, जॉर्जिया अशा दमट हवेच्या राज्यांत काही वर्षांत या छपरांवर काळे ओघळ दिसू लागतात. लोकांना ती काजळी वाटायची, कुणाला बुरशी वाटायची, कुणाला वाटायचे की मालच खराब निघाला. खरे म्हणजे ते एक सूक्ष्म शेवाळ असते, ग्लिओकॅप्सा मॅग्मा नावाचे. कडक उन्हापासून वाचायला ते स्वतःभोवती काळपट आवरण करते, म्हणून हिरवे न दिसता काळे दिसते. उत्तरेकडच्या पाख्यावर ते आधी धरते, कारण तिकडे ऊन कमी लागते आणि ओल उशिरा वाळते.

यावरचा उपाय छपरानेच दाखवला. धुराड्याच्या बुडाशी जस्ताचा किंवा तांब्याचा पत्रा बसवलेला असतो. सगळे छप्पर काळे पडले तरी त्या पत्र्याच्या खालचा पट्टा स्वच्छ राहतो असे दिसून आले. पावसाच्या पाण्याबरोबर धातूचा अंश खाली उतरतो आणि तो शेवाळाला मानवत नाही. मग शिंगलवरच्या दाण्यांतच तांबे घालायला सुरुवात झाली. थ्रीएमसारखी मोठी कंपनी असे दाणे बनवून शिंगलच्या कारखान्यांना विकू लागली. शेवाळरोधक शिंगल म्हणतात ती हीच. पहिल्यांदा हमी साधारण १० वर्षांची असायची. आता काही कंपन्या २५ वर्षांची हमी देतात.

एवढे होऊनही छपरे धुणाऱ्यांचा धंदा तिथे चालूच आहे. पहिले कारण साध्या हिशेबाचे आहे. छप्पर २० वर्षे टिकते असे धरले, तर दरसाल वीसात एक घर नवे छप्पर घेते. उद्यापासून बाजारात फक्त शेवाळरोधक माल मिळू लागला तरी सगळी घरे त्या मालाखाली यायला २० वर्षे लागतील, आणि तोवर सुरुवातीच्या घरांवरचे तांबे झिजत आलेले असेल. तांबे झिजते म्हणूनच काम करते. ते पाण्यात उतरले नाही तर शेवाळ मरणार कसे? म्हणजे या मालाचा गुण आणि त्याचा शेवट एकाच गोष्टीत आहे. दुसरे कारण हमीपत्राच्या बारीक अक्षरांत आहे. हमी असते ती निळ्या-हिरव्या शेवाळाच्या डागांपुरती. दगडफूल, मखमलीसारखा वाढणारा हिरवा शेवाळगादा, झाडाचा पाला, पन्हळीत साचलेला गाळ, यांच्याशी कंपनीचा संबंध नाही. आणि डाग पडलाच तर कंपनी काय देणार? काही कंपन्यांच्या हमीपत्रात लिहिलेले असते की धुण्याचा वाजवी खर्च देऊ किंवा शिंगल बदलून देऊ, यांतले काय करायचे ते कंपनी ठरवील. वाचकांनी याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. शेवाळ न धरणाऱ्या मालाची हमी शेवटी छपरे धुणाऱ्याच्याच दारी येऊन उभी राहते.

त्या धंद्याचे खरे नुकसान त्यातल्याच काही लोकांनी केले. जोरदार दाबाच्या पाण्याचे यंत्र घेतले, छपरावर चढले आणि तासाभरात छप्पर कोरे करून पैसे घेऊन गेले. शेवाळाबरोबर शिंगलवरचे दाणेही निघून गेले. दाणे गेले की डांबर उघडे पडते, आणि उघडे डांबर ऊन खाऊन तडकते. म्हणजे छप्पर दिसायला नवे आणि आयुष्याने जुने. तिथल्या शिंगल बनवणाऱ्यांच्या संघटनेने याबाबत स्पष्ट सूचना दिलेली आहे : कपडे धुण्याचे क्लोरीनचे ब्लीच आणि पाणी निम्मे-निम्मे घ्यावे, १५ ते २० मिनिटे राहू द्यावे, मग कमी दाबाच्या पाण्याने धुवावे, दाबाचे यंत्र वापरू नये. ज्यांनी ही पद्धत धरली त्यांचा धंदा टिकला.

आता इकडे येऊ. अमेरिकेचा हिशेब कोकणाला जसाच्या तसा लावणे बरोबर होणार नाही, आणि तो लावून कारागिरांना खोटा दिलासा देण्याची आमची इच्छा नाही. तिथला धुणारा येतो तो छप्पर वाईट दिसते म्हणून. आपला शाकारणीवाला येतो तो घर गळते म्हणून. तिथल्या नव्या मालाने काम पुढे ढकलले. आपल्याकडच्या पत्र्याने एक काम मुळातूनच काढून टाकले. कौले उतरवा, झाडा, फुटलेली वेगळी काढा, रिपा बघा, वाळवी लागलेला वासा बदला, पुन्हा ओळीने लावा, आढ्यावरचे कोने बसवा. पत्र्याच्या घरात यातले जवळजवळ काहीच उरत नाही.

शिवाय कोकणी माणूस पत्र्याकडे वळला तो शेवाळामुळे नव्हेच. शेवाळ हे दुकानदाराच्या बोलण्यातले शेवटचे कलम. खरी कारणे दुसरी आहेत. वानरे आणि माकडे गावात शिरली; एका उडीत पाच-सहा कौले जातात, आणि ऐन आषाढात ती बदलायला कुणी मिळत नाही. तरणी पोरे मुंबईला, आखाताला गेली. चांगले लाकूड महाग झाले. मंगळुरी कौलांचे कितीतरी कारखाने बंद पडले. त्यातच ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने जमिनीवर आले. घरेच्या घरे उघडी पडली, आणि पुढे मृग! कौल मिळेना, पत्रा मिळेना, माणूस मिळेना. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेले. या दोन वर्षांत छपरावर चढणाऱ्याला कधी नव्हे एवढी मागणी आली. पण त्याच दोन वर्षांत कितीतरी कौलारू घरे कायमची पत्र्याखाली गेली. ज्या हातांनी ते पत्रे चढवले त्यांनीच आपली पुढची शाकारणी कमी केली. यात त्यांचा दोष नाही. पोराबाळांच्या डोक्यावर आकाश असताना कुणी धंद्याचा लांबचा विचार करत बसत नाही.

मात्र दुकानात पत्र्याबद्दल जे सांगितले जाते ते सगळेच खरे मानण्याचे कारण नाही. रंगीत पत्रा म्हणजे पोलादाचा पातळ पत्रा, त्यावर जस्ताचा किंवा ॲल्युमिनियम-जस्ताचा मुलामा आणि वर रंग. तो कौलासारखा पाणी पीत नाही, म्हणून शेवाळाला त्यावर बूड मिळत नाही, इतपत खरे. पण फणसाच्या किंवा आंब्याच्या सावलीत पत्र्यावर धूळ आणि पाला बसला की त्या चिखलावर शेवाळ धरतेच. पत्रा जिथे कापला तिथे मुलामा नसतो. खाऱ्या वाऱ्यात त्या कडेपासून गंज सुरू होतो. भोके पाडताना उडालेला लोखंडाचा कीस पत्र्यावर तसाच राहिला तर तेवढ्या जागी तांबेरा धरतो; काम संपल्यावर एक केरसुणी फिरवली तरी हे टळते, पण ती फिरवतो कोण? आणि सर्वांत कच्चा दुवा म्हणजे स्क्रू. स्क्रूखाली रबराचा वॉशर असतो. पाच-सात उन्हाळे खाल्ले की तो कडक होतो, चिरतो, आणि पाणी स्क्रूच्या कडेने आत उतरते. एका मध्यम घरावर असे शेकडो स्क्रू असतात. ढिला झालेला स्क्रू नुसता गळत नाही. वादळात पत्रा सुटतो तो तिथूनच. कौल उडाले तर एक उडते, आणि एकच बदलता येते. पत्रा उडाला तर अख्खा जातो, आणि वाटेत कुणाला लागेल ते सांगता येत नाही.

चकाकीच्या कौलांचेही तेच. चकाकी वरच्या अंगाला असते. कापलेली कड, खिळ्याचे भोक आणि कोन्याखालचे सिमेंट उघडेच राहते. हिरवे पडते ते तिथून.

म्हणजे काम आहे. मृगापूर्वी पन्हळ आणि दोन पाख्यांमधली खोलण साफ करणे, स्क्रू आवळणे, वॉशर बदलणे, कापलेल्या कडांना रंग लावणे, वाढलेल्या फांद्या छाटणे. हे काम आज कोण करतो? बहुधा कुणीच नाही. वेल्डर शेड उभी करून गेला की परत फिरकत नाही. त्याला नवी शेड परवडते, जुनीचे दहा स्क्रू परवडत नाहीत. ही जागा मोकळी आहे आणि ती शाकारणीवाल्याने घ्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्याला उतारावर चालता येते, पाणी कुठून शिरते आणि कुठे टपकते याचा अंदाज त्याच्या अंगात मुरलेला आहे. त्याच्याकडे नाही ते एक ड्रिल मशीन आणि वॉशरचे ज्ञान. पहिले विकत मिळते. दुसरे एखाद्या ओळखीच्या फॅब्रिकेटरकडे चार दिवस फुकट राबले तरी येईल.

यात गिऱ्हाईकही हाताशी आहे. कोकणातली कितीतरी घरे वर्षाचे दहा महिने कुलपात असतात. मालक मुंब्र्याला, मीरा रोडला, नाही तर दुबई-कुवेतला. त्याला गणपतीला, ईदला किंवा मे महिन्यात घर उघडल्यावर कळते की माजघरात पाणी आहे. अशा मालकाशी वर्षाचा ठराव करावा. दोन फेऱ्या, एक मृगापूर्वी आणि एक पाऊस उघडल्यावर. दोन्ही वेळा छपराचे मोबाइलवर फोटो काढून पाठवावेत, आधीचे आणि नंतरचे. वस्तूंचे पैसे वेगळे, मजुरी वेगळी, आणि दर कागदावर. शाकारणीवाला आजवर रोजंदारीने हिशेब करत आला. रोजंदारीत त्याच्या अनुभवाला किंमत मिळत नाही. सोबतच्या नवख्या गड्यात आणि त्याच्यात फार तर शंभर-दोनशे रुपयांचा फरक राहतो.

खरी कौलारू घरेही एका रात्रीत नाहीशी होणार नाहीत. जुन्या मशिदी, देवळे, शाळा, बागायतदारांचे वाडे आहेत. पर्यटकांना उतरवणारी नवी घरे तर मुद्दाम कौलांनी झाकलेली असतात. हे मालक चांगले पैसे देतील, पण काम जाणणारा माणूस मागतील. अशी माणसे कमी होत आहेत, हे धंद्याच्या दृष्टीने वाईट आणि उरलेल्यांच्या दृष्टीने चांगले आहे. उतरवलेली जुनी, घट्ट भाजलेली कौले फेकू नयेत. दुरुस्तीला त्याच घाटाचे कौल लागते, दुसरे बसत नाही. ज्याच्या पडवीत दोन-चार घाटांची शेकडाभर कौले रचलेली आहेत त्याच्याकडे गिऱ्हाईक येतेच.

शेवाळ काढण्याबद्दल मात्र आम्हांला काही गोष्टी बजावून सांगायच्या आहेत, कारण इथेही अमेरिकेतली चूक सुरू झाली आहे. गाड्या धुण्याचे दाबाचे यंत्र कौलांवर मारू नये. भट्टीत कौलाला जी वरची कातडी येते ती त्याने निघते; मग कौल जास्त पाणी पिते आणि पुढच्या पावसात दुप्पट हिरवे होते. नारळाच्या काथ्याचा ब्रश, पाणी आणि उन्हाळ्याचे दिवस एवढ्यावर बहुतेक काम होते. फरशीचे ॲसिड छपरावर नेऊ नये, आणि ॲसिड व ब्लीच तर कधीही एकत्र करू नये. त्यातून विषारी वायू निघतो. बंद माळ्यावर किंवा टाकीत माणूस त्याने मरू शकतो. ब्लीच वापरलेच तर ते पाणी विहिरीत, तळ्यात किंवा पावसाचे पाणी साठवायच्या टाकीत जाऊ देऊ नये. सिमेंटच्या जुन्या पत्र्यांची गोष्ट आणखी वेगळी. त्यांत बहुधा ॲस्बेस्टॉस असते. ते कोरडे घासले किंवा दाबाने धुतले तर तंतू हवेत उडतात, आणि फुप्फुसाचा जो रोग होतो तो वीस-तीस वर्षांनी उगवतो. शिवाय हे पत्रे पायाखाली फुटतात. असे काम मजुरी दुप्पट मिळाली तरी नाकारावे.

आढ्याखाली तांब्याची पट्टी लावून शेवाळ थोपवण्याची युक्ती इथेही करून बघता येईल. कौलांवर तिला हरकत नाही. जस्ताच्या किंवा ॲल्युमिनियमच्या मुलाम्याच्या पत्र्यावर मात्र ती लावू नये. तांब्यावरून उतरलेले पाणी तो मुलामा खाते, आणि गिऱ्हाईक शेवाळाच्या जागी भोके घेऊन तुमच्याकडे येईल.

आता आमच्या व्यापारी बांधवांशी दोन शब्द. ‘आयुष्यभर बघायला नको’ असे म्हणून पत्रा विकू नका. कोकणच्या पावसात आयुष्यभराचे काही नसते, आणि गिऱ्हाईक गावातलेच असते. पाच वर्षांनी त्याच बाजारात, त्याच लग्नात तुम्हांला भेटणार असते. बिलावर पत्र्याची जाडी लिहा, आणि ती नुसत्या पोलादाची की मुलामा-रंगासकट, तेही लिहा. ०.४५ मिलिमीटर म्हणून विकलेल्या पत्र्यात पोलाद त्याहून कमी असते, हे गिऱ्हाइकाला ठाऊक नसते, तुम्हांला असते. समुद्राकाठच्या घराला स्वस्तातला पातळ पत्रा देण्याआधी एकदा तोंडाने तरी सांगा. कंपनीचे हमीपत्र असेल तर ते दुकानाच्या खणात न ठेवता मालकाच्या हाती द्या. खारी हवा, कापलेली कड आणि न केलेली साफसफाई यांबद्दल त्यात काय लिहिले आहे ते त्याला वाचून दाखवा. आणि पत्रा विकताना गावातल्या दोन शाकारणीवाल्यांची नावे गिऱ्हाइकाला सांगितलीत तर त्यात तुमचाही फायदा आहे. स्क्रू, वॉशर, रंग, सीलंट तुमच्याच दुकानातून जाणार.

पोराला या धंद्यात घालावे का, असेही विचारले जाते. नुसत्या शाकारणीत घालू नये, असे आम्ही म्हणू. छपराच्या धंद्यात मात्र जरूर घालावे. त्याला कौल लावता यावे, पत्रा कापता यावा, वेल्डिंगची तोंडओळख असावी, आणि मोजमाप काढून कागदावर अंदाजपत्रक लिहिता यावे. आयटीआयमध्ये शीट मेटलचा किंवा वेल्डरचा अभ्यासक्रम असतो. तो करून उस्तादाच्या हाताखाली दोन उन्हाळे काढले तर पोरगा वेल्डरलाही जड जाईल आणि ठेकेदारालाही. कमरेला दोर मात्र पहिल्या दिवसापासून बांधायला लावा. जुने लोक दोर बांधणे कमीपणाचे मानत, आणि त्यातले काही जण पुढे आयुष्यभर खाटेवर राहिले.

यंदाचे काम धरायचे असेल तर घरे पाहायला एप्रिलातच सुरुवात करावी लागेल. वॉशरची पाकिटे आणि लांब स्क्रूही तेव्हाच घेऊन ठेवावेत. मेच्या शेवटच्या आठवड्यात दुकानासमोर रांग लागली की दुकानदार आपलाच असला तरी भाव करायला उभा राहत नाही.